जपानचं उदाहरण देण्याआधी

मातृभाषेतून शिक्षण हा विषय निघाला, की पाचव्या मिनिटाला जपान येतो. वक्तृत्व स्पर्धेत येतो, मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणात येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर तर वर्षभर येत असतो. वाक्य साधारण ठरलेलं आहे: जपानी लोक इंग्रजीच्या नादी लागले नाहीत, आपल्या भाषेत विज्ञान शिकले आणि पुढे गेले. टाळ्या पडतात. वक्ता खाली उतरतो आणि आपल्या इंग्रजी माध्यमाच्या तासाला जाऊन बसतो.

मी स्वतः विज्ञान शाखेत शिकते. घरी मराठी, रस्त्यावर दखनी हिंदी, दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू आणि लॅबमध्ये इंग्रजी, असा आपल्या हैदराबादेतल्या बहुतेक मराठी मुलांचा दिवस असतो, तसाच माझाही. त्यामुळे जपानचं वाक्य ऐकलं की मला त्यात एक टोचणी जाणवते: तुम्ही इंग्रजीत शिकताय म्हणजे तुमची मराठी वाङ्मय मंडळापुरतीच, कविता आणि नाटुकल्यांपुरती. विज्ञानाशी तिचा संबंध संपला. ही टोचणी चुकीच्या इतिहासावर उभी आहे, असं माझं म्हणणं आहे. जपानचं पहिलं आधुनिक राष्ट्रीय विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा तिथे जपानीत शिकवतच नव्हते. हे सांगितलं की मातृभाषेची बाजू लंगडी पडते असं काहींना वाटेल. मला वाटतं, उलट ती तिथेच पायावर उभी राहते. कशी, ते सांगते.

टोकियो विद्यापीठाची स्थापना 12 एप्रिल 1877 ची. कोऱ्या जमिनीवर नारळ फोडून ते सुरू झालेलं नाही. आधीच्या दोन संस्था एकत्र केल्या गेल्या. एक होती काइसेइ गाक्को नावाची शाळा. तिचं मूळ शोगुनच्या काळात 1856 साली काढलेल्या एका कचेरीत होतं, आणि त्या कचेरीच्या नावाचा अर्थच 'रानटी लोकांच्या ग्रंथांचा अभ्यास करणारी जागा' असा होता. रानटी म्हणजे युरोपियन, बरं का. परकी जहाजं तोफा घेऊन दारात उभी राहिल्यावर त्यांची पुस्तकं वाचायलाच हवीत हे कळलं होतं, पण नाव देताना अकड गेली नव्हती. दुसरी संस्था वैद्यकीय शाळा. तिची सुरुवात 1858 मध्ये देवीची लस टोचणाऱ्या एका केंद्रातून झाली होती, आणि ते केंद्र डच वैद्यक शिकलेल्या ऐंशीच्या आसपास डॉक्टरांनी आपापसात वर्गणी काढून उभारलं होतं. म्हणजे ज्याला आपण आज सरकारी विद्यापीठांचा मुकुटमणी म्हणतो, त्याची एक मुळी वर्गणीत आहे.

कायदा, विज्ञान, साहित्य आणि वैद्यक अशा चार शाखा. पहिला प्रमुख काटो हिरोयुकी हा त्याच 'रानटी ग्रंथां'च्या कचेरीत तयार झालेला माणूस. पुढे विद्यापीठ होंगो भागात एका मोठ्या सरदार घराण्याच्या जुन्या वाड्याच्या आवारात स्थिरावलं. त्या वाड्याचं तांबडं प्रवेशद्वार 1827 साली एका शोगुनच्या मुलीच्या लग्नासाठी बांधलेलं. आजही ते आहे आणि विद्यापीठाला लोक त्याच दारावरून ओळखतात.

इथे एक तारीख शेजारी ठेवून बघा. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही आपली तीन विद्यापीठं 1857 ची. टोकियोच्या वीस वर्षं आधीची! विद्यापीठ आधी असणं हीच मोठी गोष्ट असती, तर आपण पुढे असायला हवं होतं. पण आपली ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर काढलेली होती: कॉलेजं संलग्न करायची, परीक्षा घ्यायच्या, पदव्या वाटायच्या. विद्यापीठाने स्वतः शिकवणं, प्रयोगशाळा काढणं, संशोधन करणं हे खूप नंतर, विसाव्या शतकात आलं. टोकियोत पहिल्या दिवसापासून वर्ग होते, शिकवणारे होते आणि बरोबर काम करणारे विद्यार्थी होते. अर्थात जपान स्वतंत्र होता आणि आपण नव्हतो, हा फरक झाकून चालणार नाही. कुणाला कशासाठी शिकवायचं हे तिथे त्यांचंच सरकार ठरवत होतं.

पण शिकवणारे कोण होते? बहुतेक परदेशी. अमेरिकेचा एडवर्ड मोर्स प्राणिशास्त्र शिकवायचा. 1877 मध्ये योकोहामाहून टोकियोला येताना रेल्वेच्या खिडकीतून त्याला ओमोरी इथे शिंपल्यांचा एक प्राचीन ढिगारा दिसला. त्याने विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तो खणला, आणि जपानच्या आधुनिक पुरातत्त्वाची सुरुवात तिथून धरली जाते. मेंडेनहॉल आणि युइंग पदार्थविज्ञानाला. युइंगने तिथे भूकंपमापनाच्या यंत्रांवर काम केलं, जे त्या देशात किती गरजेचं होतं ते सांगायला नको. फेनोलोसा तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्राला. एर्विन बेल्झ हा जर्मन डॉक्टर वैद्यकाला. या लोकांचे पगार डोळे पांढरे व्हावेत असे होते, काहींचे तर मंत्र्यांच्या तोडीचे.

आणि शिकवण्याची भाषा? विज्ञान, कायदा, साहित्य बहुतांशी इंग्रजीत, वैद्यक जर्मनमध्ये, पदार्थविज्ञानाचा एक वर्ग फ्रेंचमध्ये. मुलं इंग्रजीत टिपणं घ्यायची, इंग्रजीत उत्तरं लिहायची. सामुराई घराण्यातला विशीतला मुलगा, लहानपणी चिनी अभिजात ग्रंथ घोकलेला, आता इंग्रजीत उष्णतेचे नियम लिहितोय. आपल्यातले जे मराठी शाळेतून दहावी करून अकरावीला इंग्रजीत फिजिक्स घेतात, त्यांना त्याचे हाल वेगळे सांगायला नकोत.

जपानी भाषा टाकूनच द्या, असा विचारही त्या काळात झाला. तो मांडणारा कुणी परका नव्हता. मोरी आरिनोरी हा विशीतला तरुण अमेरिकेत जपानचा प्रतिनिधी होता. 1872 मध्ये त्याने येल विद्यापीठातल्या व्हिटनी या भाषाशास्त्रज्ञाला लिहिलं, की जपानी भाषा आधुनिक ज्ञानाला पुरी पडणारी नाही, तेव्हा इंग्रजी जराशी सोपी करून तीच देशाची भाषा करावी. व्हिटनीने त्याला हे करू नका असं कळवलं. आणखी सणसणीत उत्तर मिळालं ते एका जपानी तरुणाकडून. बाबा तात्सुई तेव्हा इंग्लंडमध्ये शिकत होता. त्याने 1873 मध्ये जपानी भाषेचं व्याकरण प्रसिद्ध केलं आणि प्रस्तावनेत मोरीचा समाचार घेतला. त्याचा मुद्दा साधा होता. ज्यांना सवड आणि पैसा आहे तेच परकी भाषा शिकतील, बाकीची जनता देशाच्या कारभाराबाहेर राहील, आणि वरच्या नि खालच्या वर्गांना एकमेकांशी बोलायला भाषाच उरणार नाही. गंमत म्हणजे जपानी भाषेची ही कैफियत बाबाने लिहिली ती इंग्रजीत.

ही गंमत मला फार महत्त्वाची वाटते. कारण जपानी विज्ञानाची भाषा झाली ती इंग्रजीपासून दूर पळालेल्यांमुळे झालीच नाही. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच आत शिरून शिकलेल्यांमुळे झाली.

सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे ते फ्रेंचमध्ये पदार्थविज्ञान शिकलेले विद्यार्थी. हा वर्ग पुढे बंद झाला, कारण इंग्रजीचा जोर वाढला होता. म्हणजे या मुलांनी जी भाषा मरमर करून आत्मसात केली, तिचा त्यांच्याच विद्यापीठात उपयोग संपला. आपल्याकडे असं झालं असतं तर मोर्चा निघाला असता. त्यांनी काय केलं? 1881 मध्ये त्यांच्यातल्या 21 जणांनी टोकियोत रात्रीची शाळा काढली आणि तिथे पदार्थविज्ञान शिकवायला सुरुवात केली, जपानीत. दिवसा आपापल्या नोकऱ्या आणि संध्याकाळी वर्ग. प्रयोगाची उपकरणं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ती विद्यापीठाकडून उसनी आणायची आणि शिकवून झालं की परत पोचवायची. काही वर्षांनी शाळा बुडायला आली तेव्हा त्यांच्यातल्या सोळा जणांनी खिशातून पैसे घातले, फुकट शिकवायचं कबूल केलं, आणि जो आपल्या तासाला येणार नाही त्याने दंड भरायचा असा नियम स्वतःलाच लावून घेतला. नोकरी करून रात्री शिकायला येणारी मुलं, शाळामास्तर होऊ पाहणारी मुलं तिथे यायची. पुढे देशभरच्या शाळांत गणित आणि विज्ञान शिकवणारे कितीतरी मास्तर याच शाळेने दिले. नात्सुमे सोसेकीच्या 'बोच्चान' कादंबरीचा नायक, तो तडकू गणिताचा मास्तर, याच शाळेत शिकलेला दाखवलाय. ती शाळा आज टोकियो विज्ञान विद्यापीठ म्हणून उभी आहे.

तांबड्या दरवाजाच्या आतलं ज्ञान बाहेर कसं आलं, याचं याहून बोलकं चित्र मला माहीत नाही. राष्ट्रीय विद्यापीठ सरकारने 1877 मध्ये काढलं हे खरं. पण 'राष्ट्रीय' हा शब्द खरा करायला हे एकवीस जण आणि त्यांच्यासारखे लोक लागले.

मग शब्दांचा प्रश्न. जपानीत शिकवायचं तर शब्द कुठले वापरायचे? काही आधीपासून होते. डच शरीरशास्त्राचा ग्रंथ 1774 मध्ये जपानमध्ये भाषांतरित झाला होता, तेव्हा मज्जातंतूसाठी केलेला शब्द आजही तिथे चालतो. तत्त्वज्ञानासाठी 'तेत्सुगाकू' हा शब्द निशी आमानेने रूढ केला. तोही त्या जुन्या कचेरीतलाच, हॉलंडला जाऊन शिकून आलेला. पदार्थविज्ञानात मात्र गोंधळ होता. इंग्रजीत शिकलेला एक शब्द वापरायचा, फ्रेंचमध्ये शिकलेला दुसरा. म्हणून 1883 पासून दोन्हीकडचे लोक एकत्र बसू लागले. विद्यापीठातला पहिला जपानी पदार्थविज्ञान प्राध्यापक यामाकावा केन्जिरो त्यांच्यात होता, रात्रशाळेचे लोकही होते. एकेक संज्ञा घेऊन ते शब्द ठरवत गेले. 1888 मध्ये जपानी, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा चार भाषांतल्या संज्ञांचा कोश छापून आला.

मराठीतही परिभाषेच्या समित्या झाल्या आणि कोश निघाले, तेही थोडेथोडके नाहीत. पण आपल्याकडे शब्द आधी छापला जातो आणि वापरणाऱ्याची वाट बघत पडून राहतो. तिकडे शब्द ठरवणारा माणूस त्याच आठवड्यात फळ्यावर तो लिहून वर्गाला समजावत होता. मुलांना कळला नाही तर त्याला लगेच दिसत होतं. 'अभिसरण', 'विकर', 'संप्रेरक' हे शब्द अवघड आहेत म्हणून आपण हसतो. अवघड तर 'एन्झाइम'ही आहे. तो आपण रोज पन्नासदा म्हणतो म्हणून तो ओळखीचा झाला, एवढंच.

1880 च्या दशकात विद्यापीठातली शिकवणी हळूहळू जपानीकडे वळली. परदेशात पाठवलेले विद्यार्थी परत येत गेले, तसा एकेक परदेशी प्राध्यापक निरोप घेत गेला. त्यांना बोलावतानाच ते कधीतरी जाणार हे गृहीत होतं. म्हणजे उसनवारी होती, पण परतफेडीची तारीख डोळ्यासमोर ठेवून केलेली. मला या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत हुशारीची वाटते. इंग्रजी विषय म्हणून राहिला, परदेशी पुस्तकंही राहिली. साहित्याच्या वर्गावर लाफ्काडियो हर्न 1903 पर्यंत इंग्रजीतच शिकवत होता, आणि त्याच्या जागी आला तो सोसेकी. त्याने चार वर्षांत ती नोकरी सोडली आणि वर्तमानपत्रात कादंबऱ्या लिहायला गेला, ही गोष्ट वाङ्मय मंडळाच्या अंकात नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

आता जरा कडू भाग, कारण जपानचं उदाहरण देणारे तो कधीच सांगत नाहीत.

1886 मध्ये विद्यापीठाचं 'शाही विद्यापीठ' झालं. तो हुकूम काढणारा शिक्षणमंत्री म्हणजे तोच मोरी आरिनोरी, जपानी टाकून द्यायला निघालेला. हुकुमाच्या पहिल्याच कलमात लिहिलं होतं, की राज्याच्या गरजेप्रमाणे विद्या शिकवणं आणि तिचा शोध घेणं हे विद्यापीठाचं काम. राज्याची गरज! हे दोन शब्द पुढे अनेकांच्या गळ्याशी आले. 1892 मध्ये इतिहासाचा प्राध्यापक कुमे कुनिताके याला शिंतो धर्माच्या उगमावर लिहिलेल्या एका लेखापायी जावं लागलं. 1891 मध्ये उचिमुरा कान्झो हा ख्रिस्ती शिक्षक, विद्यापीठाकडे मुलं पाठवणाऱ्या एका सरकारी शाळेत होता. सम्राटाची सही असलेल्या शिक्षणविषयक आज्ञापत्रापुढे तो पुरेसा वाकला नाही म्हणून गदारोळ झाला आणि त्याची नोकरी गेली. मग त्याच शाही विद्यापीठातल्या एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने ख्रिस्ती लोकांची निष्ठाच संशयास्पद आहे असं लिहायला घेतलं. आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे, त्यामुळे इथे वाचणाऱ्यांना हा तपशील सहज ओलांडता येणार नाही. क्योटोमध्ये 1875 पासून चालू असलेली दोशिशा ही ख्रिस्ती संस्था विद्यापीठ होऊ बघत होती. खाजगी संस्थांना कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळण्याची वाट उघडली ती 1918 च्या कायद्यानंतर.

उचिमुराच्या बायबल वर्गात बसलेली दोन मुलं पुढे टोकियो शाही विद्यापीठात प्राध्यापक झाली. त्यांतला यानाइहारा तादाओ वसाहतींच्या धोरणाचा अभ्यासक. 1937 मध्ये चीनशी युद्ध पेटलं तेव्हा त्याने देशाच्या वाटेवर उघड टीका केली आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. युद्ध हरल्यावर विद्यापीठाचा प्रमुख झाला तो दुसरा, नानबारा शिगेरू. त्याच्यानंतर 1951 मध्ये त्या जागी आला तोच यानाइहारा. आपली भाषा, आपली माणसं, आपलं राज्य हे सगळं असूनही विद्यापीठाचा आवाज दाबला जाऊ शकतो. फक्त माध्यम बदललं की सगळं साधलं असं मानणाऱ्यांनी या माणसाची गोष्ट वाचावी.

आणि मुली? त्या तांबड्या दरवाजातून विद्यार्थिनी म्हणून मुलींना प्रवेश मिळाला तो 1946 मध्ये. एकोणसत्तर वर्षं 'राष्ट्रीय' विद्यापीठात अर्धं राष्ट्र दाराबाहेर होतं. मुलींसाठीचं शिक्षण बऱ्याच अंशी बाहेरच्या लोकांनी उभं केलं, त्यात ख्रिस्ती मंडळी पुष्कळ. त्यांपैकी एक नारुसे जिन्झो, एके काळचे पाद्री. त्यांनी 1901 मध्ये टोकियोत जपान महिला विद्यापीठ काढलं. या संस्थेची माहिती देणारी एक पुस्तिका फिरत फिरत पुण्याला महर्षी कर्व्यांच्या हाती पडली. 1915 च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात अण्णांनी भारतात महिला विद्यापीठ हवं असं मांडलं, आणि 1916 मध्ये ते सुरू केलं. माध्यम मातृभाषा, आणि इंग्रजी सक्तीचा विषय. टोकियोहून मराठी माणसाने खरोखर काय उचललं, असं कुणी विचारलं तर हे उत्तर आहे. आणि ते तांबड्या दरवाजाच्या आतून आलेलं नाही, हेही लक्षात घ्या.

टोकियोकडे बघणारे आपल्या गावातही होते. उस्मानिया विद्यापीठ 1918 चं, उर्दू माध्यमाचं. देशातल्या बाकी विद्यापीठांत इंग्रजी चालू असताना इथे वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूत शिकवलं गेलं. त्यासाठी आधी भाषांतराची स्वतंत्र कचेरी काढली, मौलवी अब्दुल हक तिचे प्रमुख. निजाम सरकारचे शिक्षण संचालक सय्यद रॉस मसूद 1922 मध्ये मुद्दाम जपानला जाऊन आले आणि तिथल्या शिक्षणव्यवस्थेवर त्यांनी पुस्तक लिहिलं. माणसं तयार करायची, शब्द घडवायचे, पुस्तकं छापायची, मग शिकवायचं. टोकियोचा धडा इतक्या मन लावून भारतात दुसऱ्या कुणी गिरवला असेल असं मला वाटत नाही. त्या लोकांच्या मेहनतीला दाद द्यायलाच हवी, आणि 1948 नंतर माध्यम इंग्रजी झाल्यावर ती पुस्तकं कपाटात गेली याची हळहळही वाटते.

पण उर्दू कुणाची मातृभाषा? संस्थानातले बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे. औरंगाबाद, परभणी, नांदेडकडून आलेल्या मराठी मुलाला इंग्रजीऐवजी उर्दू शिकून इंजिनिअर व्हावं लागलं, तर त्याच्या दृष्टीने एक परकी पायरी जाऊन दुसरी आली. म्हणून तर 1907 मध्ये इथल्या मराठी लोकांना विवेक वर्धिनीसारखी शाळा आपल्या बळावर काढावी लागली होती. 'देशी भाषा' हा शब्द वरून दिला गेला की तो कुणासाठी तरी परकाच ठरतो.

जपानही याला अपवाद नव्हता. टोकियोचाच एक भाषाशास्त्राचा प्राध्यापक, उएदा काझुतोशी, 1894 पासून एक राष्ट्र एक भाषा हा विचार मांडत होता. प्रमाण जपानी घडली. तिचा फायदा झाला हे खरं. पण ओकिनावाच्या शाळेत मूल आपल्या घरची भाषा बोललं की शिक्षा म्हणून त्याच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली जायची. दुसरं कुणी तसं बोलताना सापडेपर्यंत ती उतरायची नाही. बेळगावकडचे वाचक हे वाचून काय म्हणतील ते मला माहीत आहे. इंदूर, बडोद्याचे मराठी लोक कदाचित हसून सोडून देतील. आपण सगळेच महाराष्ट्राबाहेरचे. आपल्यासाठी मातृभाषेचं विद्यापीठ सरकार काढणार नाही आणि त्याची अपेक्षाही धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इथल्या राज्याची भाषा तेलुगू आहे, ती आपण नीट शिकायला हवी, आणि मराठी तिच्या जागी बसवा असा हट्ट आपण कशाला धरायचा?

म्हणूनच मला शाही हुकमापेक्षा ती रात्रशाळा जवळची वाटते. तिला ना सरकारी हुकूम लागला ना इमारत. जे परक्या भाषेत शिकलो ते आपल्या माणसाला समजेल असं सांगायचं, आणि ठरल्या वेळी हजर राहायचं, एवढंच तिचं भांडवल. मराठीत असे लोक झालेच नाहीत असं नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट करून आलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मराठीत तेवीस खंडांचा ज्ञानकोश उभा केला. पण एक केतकर आणि एकवीस जणांची शाळा यांत फरक आहे. एकट्याचं काम त्याच्या दमापुरतं चालतं.

बेल्झ डॉक्टर पंचवीस वर्षं टोकियोत शिकवल्यानंतर 1901 च्या सत्कारात एक तक्रार करून बसला होता. विज्ञान म्हणजे एका जागेवरून उचलून दुसरीकडे बसवायचं यंत्र, असा तुमचा समज आहे. ते झाडासारखं असतं, त्याला हवापाणी लागतं, असं त्याचं म्हणणं. आम्ही माळी म्हणून आलो होतो आणि तुम्ही आमच्याकडे फळविक्रे म्हणून बघितलंत. इंग्रजीशी आपलं जे नातं आहे ते मला असंच दिसतं. मार्क, प्लेसमेंट, व्हिसा ही फळं घेतली की झालं. शिकलेलं मुरायला घरची भाषा लागते. आईला व्हॅक्सिन कसं काम करतं हे मराठीत सांगायला गेलं, की दोन वाक्यांत कळतं आपल्याला ते किती समजलंय. व्हायवाला जे उत्तर चालून जातं ते स्वयंपाकघरात चालत नाही.

आमच्या मंडळात याला विरोध होणार हे दिसतंच आहे. 'हा वाङ्मयाचा अंक आहे, सायन्सचा नाही,' हा पहिला आक्षेप. मराठीत तरी कविता, कथा, ललित आणि प्रवासवर्णन यांपलीकडे वाङ्मय नाही असं कुणी ठरवलं? दुसरा आक्षेप, 'शब्द कुठून आणायचे?' जो असेल तो वापरा, नसेल तर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा आणि पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ सांगा. त्या जपानी मंडळींनी आधी 1881 मध्ये शाळा काढली, कोश आला 1888 मध्ये. तिसरा आक्षेप जास्त खरा आहे: 'वाचणार कोण?' आपली शाळेत जाणारी भावंडं, ज्यांना घरात मराठी बोलता येतं पण वाचायचा कंटाळा येतो. आपले आईवडील. आणि आपण.

तेव्हा पुढच्या अंकापासून चार पानं या कामाला द्यावीत, असं मी संपादक मंडळाला सुचवते आहे. विज्ञान, वाणिज्य, संगणक, मानसशास्त्र, कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याने त्या सत्रात वर्गात शिकलेली एक गोष्ट हजार शब्दांत मराठीत समजावायची. मराठीच्या मॅडमनी भाषा बघायची, त्या त्या विषयाच्या सरांनी चूक-बरोबर बघायचं. सरांना मराठी येत नसेल तर लेखकाने त्यांना तोंडी भाषांतर करून ऐकवायचं, त्यात त्याचीच परीक्षा होईल. लेख कबूल करून जो वेळेवर देणार नाही त्याने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये चहा पाजायचा. दंडाची कल्पना माझी नाही, ती कुठून घेतली ते वर आलंच आहे. पहिला लेख मी देते: आम्लपित्ताची गोळी पोटात गेल्यावर काय करते.